जुनी इमारत पाडून नवे विद्यापीठ उभारावे का? 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी काय तपासावे

वाडीहून अमरावती रोडने नागपूरकडे निघालो की आयुध निर्माणीचा परिसर मागे पडतो आणि पुढे विद्यापीठाचा कॅम्पस लागतो. वाडी, दत्तवाडी, आठवा मैल इथली आपली मुले-मुली याच रस्त्याने शिकायला जातात. याच बाजूला, अंबाझरी तलावाजवळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होते. २०२१ मध्ये कोरोनाचे निर्बंध असताना ते पाडले गेले. तिथे पर्यटन प्रकल्प होणार, असे नंतर लोकांना कळले. मग महिला पुढे आल्या आणि महिनोन्‌महिने धरणे धरून बसल्या. तेव्हापासून आपल्या वस्त्यांमध्ये 'पाडकाम' हा शब्द नुसता ऐकला तरी माणसे सावध होतात.

मागे एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर याच विषयावर वाद रंगला. एका तरुण प्राध्यापकाने प्रश्न टाकला: समजा, आपल्याच एखाद्या जुन्या कॉलेजच्या जागेवर आधुनिक विद्यापीठ उभे करायचे ठरले आणि जुनी इमारत आड आली, तर? तरुण म्हणाले, पाडा. बाबासाहेबांना शिक्षण हवे होते, विटा नव्हे. ज्येष्ठ म्हणाले, हात लावू नका, त्या भिंतींना बाबासाहेबांचा स्पर्श आहे. दोन्ही बाजूंना भावना होती. माहिती मात्र दोन्हीकडे कमी होती आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही कमीच होती. म्हणून हा लेख.

हा प्रश्न हवेतला नाही

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना ८ जुलै १९४५ ची. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले. पुढे मुंबईच्या फोर्ट भागातली आनंद भवन आणि बुद्ध भवन ही नावे सिद्धार्थच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी कायमची बसली. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले. त्याच्या इमारतीची पायाभरणी १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली, आणि पुढे त्याला 'मिलिंद' हे नाव मिळाले. ग्रीक राजा मिनँडर भदंत नागसेनांना प्रश्न विचारत गेला, त्या संवादावरून महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. परिसराच्या नावातच विचारणारा आणि उत्तर देणारा आहे, हे मला फार आवडते. आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवरचे डॉ. आंबेडकर महाविद्यालय १९६४ चे आहे.

म्हणजे आपल्या शिक्षणसंस्थांच्या पहिल्या पिढीच्या वास्तू आता साठी-सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. दुसऱ्या बाजूने नव्या गरजा दार ठोठावत आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाने विषय वाढले, प्रयोगशाळा वाढल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने रॅम्प, लिफ्ट, योग्य स्वच्छतागृहे देणे बंधनकारक केले. अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. चाकाच्या खुर्चीवरची मुलगी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचू शकत नसेल, तर 'वास्तू ऐतिहासिक आहे' हे उत्तर तिला देता येत नाही. नव्या इमारतीची मागणी करणारा प्रत्येक जण बिल्डरचा माणूस असतो, असे समजणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

कायद्याच्या नजरेत 'ऐतिहासिक' म्हणजे काय

आपल्याला जे ऐतिहासिक वाटते ते कायद्यालाही तसे वाटेलच, असे नाही. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात बसण्यासाठी वास्तू किमान १०० वर्षांची लागते. १९४६ किंवा १९५० मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयांच्या इमारतींचा त्यात विचार व्हायला अजून वेळ आहे. वास्तू राष्ट्रीय संरक्षित घोषित झाली तर तिच्यापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी लागते. पण घोषित झाली तर!

वय कमी म्हणून काय होते, ते दिल्लीत दिसले. प्रगती मैदानातले 'हॉल ऑफ नेशन्स' १९७२ चे. वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांचे हे काम जगभर नावाजले गेले होते. ते वाचवायचा प्रयत्न झाला तेव्हा ६० वर्षांखालच्या इमारतींचा वारसा म्हणून विचार होणार नाही, अशी भूमिका घेतली गेली. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ते जमीनदोस्त झाले.

दुसरा मार्ग स्थानिक यादीचा. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वारसा यादी असते आणि वारसा संवर्धन समिती असते. यादीत तीन श्रेण्या असतात. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला मजबुतीकरणाखेरीज फारसा हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल, जरूर तर जोडबांधकाम, समितीच्या संमतीने होते. तिसऱ्या श्रेणीत बदलाला जास्त मोकळीक असते, काही वेळा पुनर्बांधणीलाही वाव असतो. त्या बदल्यात मालकाला न वापरलेला बांधकाम हक्क दुसरीकडे वापरण्याची, म्हणजे टीडीआरची, सोय मिळू शकते.

आपल्या चळवळीच्या वास्तू या याद्यांमध्ये किती आहेत, हे आपापल्या शहरात जाऊन बघा. याद्या करणाऱ्यांची नजर पहिल्यांदा राजवाडे, चर्च, मंदिरे आणि ब्रिटिशांच्या दगडी इमारतींवर गेली. कामगार वस्तीतला छापखाना, पत्र्याचे वसतिगृह, पहिला विहार हा 'वारसा' आहे, हे त्यांना सहज सुचणारे नव्हते. आणि आपणही अर्ज घेऊन गेलो नाही. हा आपला दोष आहे आणि तो मान्य करायला हवा.

दादर, २५ जून २०१६

आंबेडकर भवनाची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, तरी तिच्यातला एक धागा पुन्हा बघण्यासारखा आहे. दादर पूर्वेला गोकुळदास पास्ता लेनमध्ये ही जागा. बाबासाहेबांनी स्थापलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. तिथेच बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होता. १९५६ मध्ये 'जनता' पत्राचे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले, त्या पत्राच्या इतिहासाशी हा छापखाना जोडलेला आहे.

२५ जून २०१६ च्या पहाटे, माणसे झोपेत असताना, यंत्रे लावून ही वास्तू पाडली गेली. छापखानाही गेला. पाडणाऱ्या बाजूचे म्हणणे होते की इमारत धोकादायक झाली होती, महापालिकेची नोटीस होती आणि तिथे १७ मजली नवे, आधुनिक भवन उभे राहणार होते. विरोधकांचे म्हणणे होते की धोक्याचा अहवाल हे निमित्त आहे आणि कोणालाही विश्वासात घेतलेले नाही. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला.

१७ मजले वाईट होते का? ग्रंथालय, सभागृह, मुलांसाठी अभ्यासिका असे काही तिथे झाले असते तर उपयोगच झाला असता. दिवसाढवळ्या, नकाशे भिंतीवर लावून, वर्षभर चर्चा करून हाच निर्णय घेतला असता तर कदाचित अर्धे विरोधक राजी झाले असते. छापखान्याचा भाग राखून मागे इमारत बांधता आली असती का, हा प्रश्न विचारायची संधीच मिळाली नाही. पहाटेच्या अंधारात जे केले जाते त्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, मग हेतू कितीही चांगला असो. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या खोदकामाविरुद्ध जो उद्रेक झाला, त्याच्या मुळाशीही स्तूपाच्या सुरक्षेच्या भीतीइतकाच 'आम्हाला विचारले कुठे?' हा सवाल होता. त्याच दिवशी सरकारला विधिमंडळात स्थगिती जाहीर करावी लागली.

अहमदाबादेत काय घडले

विद्यापीठस्तरीय संस्थेने आपलीच गाजलेली वास्तू पाडायला काढली, असे आपल्या देशातले सर्वात चर्चित उदाहरण अहमदाबादच्या आयआयएमचे आहे. ते सविस्तर बघू, कारण त्यात दोन्ही बाजूंचे खरे युक्तिवाद आहेत.

ही संस्था १९६१ ची. परिसराचा आराखडा अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांचा. सोबत बाळकृष्ण दोशी आणि अनंत राजे. (दोशी जन्माने पुण्याचे, १९२७ चे. २०१८ मध्ये वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय.) उघड्या लाल विटांच्या भिंती, त्यांत मोठाले गोल आणि कमानी, सावलीचे व्हरांडे. जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघायला येतात.

डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने माजी विद्यार्थ्यांना कळवले की १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधायची आहेत. कारणे अशी दिली होती: छतातून गळती, भिंतींना तडे, काँक्रीटचे तुकडे पडणे, २००१ च्या भूकंपात झालेले नुकसान आणि अपुऱ्या खोल्या. जगभरातून निषेध झाला. हजारोंनी सह्या केल्या. १ जानेवारी २०२१ ला संस्थेने प्रस्ताव मागे घेतला. इथे गोष्ट संपली असे सगळ्यांना वाटले.

ती संपली नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने पुन्हा जाहीर केले की काही इमारतींच्या जतनाचा बेत सोडून द्यावा लागत आहे. तज्ज्ञांच्या तपासणीनुसार मूळ विटा दुय्यम दर्जाच्या होत्या, भूकंप सोसण्यासाठी लागणारी मजबुती नव्हती आणि तिथे राहणाऱ्यांना धोका होता. मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने केलेल्या ग्रंथालयाच्या जतनकामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. पण दुरुस्त झालेल्या त्या ग्रंथालयात आणि १५ क्रमांकाच्या वसतिगृहातही पुन्हा त्रास दिसू लागल्याचे संस्थेने सांगितले. वसतिगृहांचे बाहेरचे रूप तसेच ठेवून आतून नव्याने बांधायचे, अशी दिशा ठरली.

आता निर्णय करा. वसतिगृहात मुले झोपतात. स्लॅबचा तुकडा पडला तर लुई कान यांची कीर्ती त्या मुलाच्या घरच्यांच्या काय कामाची? पण दुसऱ्या बाजूने, पन्नास वर्षे व्यवस्थित डागडुजी झाली असती तर ही वेळ आली असती का? पाणी वर्षानुवर्षे भिंतीत मुरत ठेवायचे आणि मग भिंत ओली झाली म्हणून पाडायची, ही पद्धत आपल्याकडे सरकारी शाळेपासून समाजभवनापर्यंत सगळीकडे चालते. दुरुस्तीला निधी मिळत नाही, नव्या बांधकामाला मिळतो. दुरुस्तीच्या कामाचे भूमिपूजन होत नाही, कोनशिला लागत नाही, फोटो छापून येत नाही. आपल्या संस्थांचेही यात काही वेगळे नाही.

'धोकादायक' ठरते कसे

पाडकामाच्या वादात सगळे येऊन थांबते ते एका कागदावर, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटवर. तो कागद वाचता आला पाहिजे.

आरसीसी इमारत असेल तर अभियंता काँक्रीटवर रिबाउंड हॅमर मारून पृष्ठभागाचा टणकपणा बघतो, ध्वनिलहरी पाठवून आतल्या पोकळ्या शोधतो, गरज पडल्यास दंडगोल नमुना कापून प्रयोगशाळेत दाबून बघतो. लोखंडी सळई किती गंजली आहे याची वेगळी चाचणी असते. यातली एकच चाचणी, तीही चार-पाच ठिकाणी केली असेल आणि शेवटी 'इमारत धोकादायक' असा शेरा असेल, तर तो अहवाल अपुरा आहे. किती ठिकाणी, कोणत्या मजल्यावर चाचण्या झाल्या, हे विचारायचे. जुनी इमारत विटा आणि चुन्याची असेल तर बघण्याची पद्धतच बदलते. तिथे भार भिंती घेतात. अशा भिंतीला पुढे कोणीतरी हौसेने सिमेंटचा गिलावा केलेला असतो, त्यामुळे ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. बाहेरून भयंकर दिसते, आतली भिंत अनेकदा शाबूत असते. म्हणून चुन्याच्या बांधकामासाठी त्यातला अनुभव असलेला अभियंता मागायला हवा.

मुंबईत अहवालावरून इमारतींचे वर्ग पाडतात. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ मध्ये दुरुस्ती शक्य असते, कधी रिकामी करून, कधी लोक राहत असताना. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-१ आणि सी-२ या दोन शेऱ्यांमध्ये इमारतीचे मरण आणि जगणे आहे. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते, म्हणजे विरोधकांना स्वतःचा अभियंता नेमून दुसरा अहवाल करून घेता येतो. धोकादायक इमारतीची नोटीस मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली निघते, नागपूरसारख्या इतर महापालिकांत कलम २६४ खाली. अशी नोटीस दिसली की त्यामागचा ऑडिट अहवाल माहितीच्या अधिकारात मागावा. मोर्चा नंतरही काढता येतो.

मालकी कोणाची, सही कोणाची

वास्तू सार्वजनिक विद्यापीठाची असेल तर निर्णय व्यवस्थापन परिषद आणि इमारत व बांधकाम समिती यांच्यातून जातो. अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले सदस्य असतात. आपल्या वस्तीत पदवीधर शेकड्याने आहेत. त्यातले किती जण पदवीधर मतदार म्हणून नोंदलेले आहेत? नोंदणीचा फॉर्म भरायला एक दुपार लागते आणि सिनेटमध्ये प्रश्न विचारणारा आपला माणूस त्यातूनच जातो.

वास्तू ट्रस्टची किंवा सोसायटीची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३६ लक्षात ठेवावे. स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची, दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. 'विकासकाला फक्त बांधायला देतोय' असे म्हटले की लोक गप्प बसतात. करारात जागेचा किती हिस्सा, किती वर्षांसाठी कोणाकडे जाणार आहे ते वाचल्याशिवाय गप्प बसू नये.

न पाडता विद्यापीठ होते का

होते, आणि त्याचे उदाहरण बाबासाहेबांच्याच पाऊलखुणांवर आहे. मुंबईत २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालय, सिडनहॅम महाविद्यालय, विज्ञान संस्था आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज या चार जुन्या संस्था एकत्र आणून केलेले हे समूह विद्यापीठ आहे. एल्फिन्स्टनमधून बाबासाहेब १९१२ मध्ये बी.ए. झाले. सिडनहॅममध्ये १९१८ पासून ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. ही जुनी महाविद्यालये आहेत त्या ठिकाणीच राहिली आणि विद्यापीठ नवे झाले.

मुंबई विद्यापीठाने फोर्टमधली राजाबाई टॉवरची वास्तू राखली आणि वाढीसाठी कालिन्याची जागा घेतली. फोर्टचा तो परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चे. तेही अमरावती रोडवर पसरत आले म्हणून वाढू शकले. जागा उपलब्ध असेल तर वाद निम्मा संपतो. जिथे जागाच नाही, दादरसारखी किंवा फोर्टसारखी गजबज आहे, तिथेच खरी परीक्षा असते.

आणि नालंदा. २०१० च्या कायद्याने नवे नालंदा विद्यापीठ उभे राहिले. त्याचा ४५५ एकरांचा परिसर राजगीरला आहे, प्राचीन अवशेषांपासून दहा-बारा किलोमीटरवर. १९ जून २०२४ ला त्याचे उद्घाटन झाले. आराखडा दोशींच्या वास्तुशिल्प संस्थेचा, म्हणजे अहमदाबादेत कान यांच्यासोबत काम केलेल्याच दोशींच्या. जुन्या महाविहाराची एकही वीट हलवावी लागली नाही आणि ते अवशेष २०१६ मध्येच जागतिक वारसा झाले होते.

पाडल्यावर काय जाते, हे बौद्धांनी आधी सोसले आहे

१७९४ मध्ये काशीच्या जगतसिंह याला बाजारपेठ बांधायला विटा हव्या होत्या. त्याच्या माणसांनी सारनाथचा धर्मराजिक स्तूप खोदून विटा नेल्या. अशोकाच्या काळातला तो स्तूप. आत दगडी पेटी निघाली, तिच्या आत संगमरवरी करंडक आणि त्यात अस्थी. अस्थी गंगेत टाकून दिल्या गेल्या. त्या बुद्धधातू होत्या का, हे आता कधीच ठरणार नाही. आज सारनाथला गेलात तर त्या स्तूपाच्या जागी जमिनीलगतचा गोल पाया दिसतो. पुढे इंग्रजांच्या काळात तिथल्या मूर्ती आणि कोरीव दगड वरुणा नदीवरच्या पुलाच्या कामात टाकले गेले. बाजार आणि पूल हा त्या काळचा 'विकास'च होता, आणि दगड नेणाऱ्यांना आपण काही वाईट करतो आहोत असे वाटलेही नसेल.

याच्या उलट नागार्जुनकोंडा. कृष्णा नदीवर धरण होणार आणि बौद्ध विहारांची ती दरी बुडणार, हे ठरल्यावर १९५४ पासून काही वर्षे तिथे मोठे उत्खनन झाले. नोंदी झाल्या, नकाशे झाले आणि महत्त्वाची बांधकामे उचलून पाण्याबाहेर राहणाऱ्या टेकडीवर पुन्हा उभारली गेली. मूळ जागा गेली, हे दुःख आहेच. तरीही काय होते ते आज आपल्याला सांगता येते. आपल्या विदर्भातही पवनीच्या स्तूपाचे उत्खनन १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून केले. म्हणजे जुन्याची नोंद कशी करावी याचे ज्ञान आपल्या शेजारच्या विद्यापीठातच आहे. आपल्या एखाद्या वसतिगृहाची किंवा छापखान्याची मोजणी, छायाचित्रे, तिथे राहिलेल्यांच्या मुलाखती असे दप्तर करायला त्या विभागाच्या विद्यार्थ्यांना कोणी बोलावले तर ते नाही म्हणतील असे वाटत नाही.

भिडे वाडा: पाडूनही राखता येते का

पुण्यातल्या बुधवार पेठेतला भिडे वाडा हे सर्वात अवघड उदाहरण. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे काढली, तो वाडा पार मोडकळीला आला होता. खाली दुकाने. स्मारकासाठी जागा घ्यायची तर भाडेकरू न्यायालयात. बरीच वर्षे खटला चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची याचिका फेटाळली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला वाडा उतरवण्यात आला. तिथे आता राष्ट्रीय स्मारक उभारायचे आहे.

शाळेचे स्मारक करण्यासाठी शाळेचीच भिंत पाडली. हे वाक्य वाचून राग येतो, मलाही आला होता. पण तो वाडा आधीच इतका खचला होता की राखायला फारसे शिल्लक नव्हते, असे ज्यांनी तो आतून पाहिला ते सांगतात. मग चूक डिसेंबर २०२३ ची की त्याआधीच्या पन्नास वर्षांची? माझ्या मते पन्नास वर्षांची. वेळेवर हात दिला असता तर त्या खोल्यांत आज मुली बसल्या असत्या.

मला काय वाटते

विहारातल्या त्या वादात मी शेवटी ज्येष्ठांच्या बाजूला थोडा जास्त झुकलो, हे कबूल करतो. कारण सोपे आहे. नवी इमारत पाच वर्षांनीही बांधता येते. पाडलेली परत आणता येत नाही. त्यामुळे पुराव्याचा भार पाडायचे म्हणणाऱ्यावर असावा. त्याने अहवाल दाखवावा, दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा, मोकळी जागा नाही हे नकाशावर सिद्ध करावे, जुनी वास्तू ग्रंथालय, संग्रहालय किंवा कार्यालय म्हणून वापरता येत नाही हे सांगावे. दिवसाढवळ्या लोकांना बोलवावे. एवढे करूनही वास्तू वाचत नसेल तर पूर्ण नोंद करून, जे सुटे होईल ते जतन करून, मन घट्ट करून पाडावी.

तरुण प्राध्यापकांना मात्र मी एक गोष्ट देऊ लागतो. सगळ्याच जुन्या खोल्या पवित्र नसतात. १९८० नंतर घाईने चढवलेला मजला, पत्र्याची शेड, गळका जिना यांना बाबासाहेबांचे नाव चिकटवून आडवे येणे हा वारशाचा अपमान आहे. कोणती भिंत कधीची, हे आधी ठरवा. अनेक संस्थांत मूळ नकाशेच सापडत नाहीत.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही वाडी आणि आसपासच्या वस्त्यांतल्या आपल्या सार्वजनिक इमारतींची यादी करायला बसणार आहोत: विहार, वाचनालये, वसतिगृहे, शाळा. इमारत कधी बांधली, कोणाच्या वर्गणीतून, जागा कोणाच्या नावावर आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, एवढे चार रकाने. ज्यांच्याकडे जुनी छायाचित्रे, वर्गणीच्या पावत्या, कोनशिलेचे फोटो असतील त्यांनी घेऊन यावे.